रुग्णालय संगणकासाठी तयार आहे का, हे ओळखायचं कसं?

रुग्णालयात नवी संगणकप्रणाली सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना एक कोडं पडतं. पूर्वी डॉक्टर केसपेपरवर चार ओळी लिहून पुढच्या रुग्णाकडे वळायचे. आता ते पडद्याकडे बघत टाइप करत बसतात, सिस्टर खाटेपाशी कमी आणि संगणकापाशी जास्त दिसतात, आणि रांग आधीपेक्षा लांब झालेली असते. यंत्र आलं, मग काम हळू का झालं?

कर्मचारी म्हणतात, सॉफ्टवेअर वाईट आहे. सॉफ्टवेअर देणारे म्हणतात, कर्मचारी शिकायला तयार नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं. पण बहुतेक वेळा त्याआधीचाच एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: हे रुग्णालय या बदलासाठी तयार होतं का? तो प्रश्न नीट कसा विचारायचा, त्याबद्दल हा लेख आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. रुग्णाची माहिती नोंदवणं, साठवणं, शोधणं आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोचवणं यासाठी जी साधनं वापरतात, ती म्हणजे ‘आरोग्य माहिती तंत्रज्ञान’. संगणकावरचा केसपेपर, पडद्यावरून दिलेली औषधाची ऑर्डर, लॅबमधून थेट वॉर्डात दिसणारा रिपोर्ट हे सगळं त्यात आलं. आणि हे तंत्रज्ञान रुग्णांना धक्का न लागता स्वीकारण्याची रुग्णालयाची ताकद म्हणजे ‘सज्जता’. एवढे दोन शब्द पुरेत.

प्रणाली तीच, परिणाम वेगळा

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात २००२ च्या अखेरीस डॉक्टरांनी औषधं आणि तपासण्यांच्या ऑर्डर कागदाऐवजी संगणकावर द्यायला सुरुवात केली. पूर्ण रुग्णालयात हा बदल सहा दिवसांत झाला. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीने हलवून आणलेल्या १,९४२ मुलांच्या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या. बदलाआधीच्या तेरा महिन्यांत या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्के होतं. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झालं.

हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खळबळ उडाली. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आकड्यांचा नाही, कारणांचा आहे. पूर्वी अत्यवस्थ मूल रुग्णवाहिकेत असतानाच डॉक्टर ऑर्डर लिहून ठेवत, त्यामुळे मूल पोचेपर्यंत औषधं तयार असत. नव्या प्रणालीत मूल प्रत्यक्ष दाखल होऊन त्याची नोंद झाल्याशिवाय ऑर्डर टाकताच येत नव्हती. कागदावर काही सेकंदांत होणाऱ्या एका ऑर्डरला दहाएक क्लिक आणि एक-दोन मिनिटं लागू लागली. त्याच सुमाराला अतिदक्षता विभागात हाताशी असलेली औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवली गेली. खाटेशेजारी उभे राहणारे हात संगणकापाशी गेले.

आता याची दुसरी बाजू. सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली घेतली. अतिदक्षता विभागात वारंवार लागणाऱ्या ऑर्डरींचे तयार संच त्यांनी सुरुवात करण्याआधीच बनवून ठेवले होते. २००६ मध्ये त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण आधी ४.२२ टक्के, नंतर ३.४६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ‘घट’ म्हणण्याइतका मोठा नव्हता, पण वाढ झाली नाही एवढं स्पष्ट होतं. पुढे २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयातून अशाच प्रकारच्या बदलानंतर मृत्यूचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास आला.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांवरून सगळा दोष किंवा सगळं श्रेय संगणकाला देता येत नाही, आणि पिट्सबर्ग आणि सिअ‍ॅटलमध्ये तपासलेली मुलंही एकाच प्रकारची नव्हती. तरीही पिट्सबर्गच्या यादीतली अडचण न् अडचण आधी दिसू शकली असती. मूल वाटेत असताना ऑर्डर कोण आणि कशी देतो, हे कुणी अतिदक्षता विभागात एक रात्र बसून पाहिलं असतं, तरी ती सापडली असती.

राहत्या घराचं वायरिंग

सज्जता तपासणं म्हणजे नेमकं काय, हे समजायला राहत्या घराचं वायरिंग बदलण्याचं उदाहरण घेऊ. नवं घर बांधताना तारा हव्या तशा टाकता येतात. राहत्या घरात मात्र आधी कळावं लागतं की कुठलं बटण कुठल्या तारेवर आहे, कुठल्या भिंतीत जुनी जोडणी लपलेली आहे, आणि काम चालू असताना घरातल्या आजारी माणसाच्या खोलीतला दिवा कसा चालू ठेवायचा. रुग्णालय हे असं राहतं घर आहे. ते एक दिवसही बंद ठेवता येत नाही.

म्हणून ‘किती संगणक आहेत’ हा प्रश्न सज्जतेच्या तपासणीत फार वरचा नाही. संस्थांमधल्या बदलांचा अभ्यास करणाऱ्या ब्रायन वाइनर यांनी २००९ मध्ये सज्जतेची मांडणी दोन गोष्टींवर केली: हा बदल करायचाच असा लोकांचा सामूहिक निर्धार, आणि तो आपल्याला जमेल असा सामूहिक विश्वास. ‘सामूहिक’ हा शब्द दोन्हीकडे आहे. अधीक्षकांना हवं आहे आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना ते कळवलेलंच नाही, अशा रुग्णालयाला तयार म्हणता येणार नाही, मग उपकरणं कितीही असोत. निर्धार आहे पण ‘आपल्याला हे जमणार नाही’ अशी धास्ती असेल, तरी गाडी अडते.

काम खरंच कसं होतं, हे कुणाला माहीत आहे?

माझ्या मते सगळ्या तपासणीचा गाभा इथे आहे, आणि घाईत सगळ्यात आधी हेच वगळलं जातं.

एका औषधाच्या ऑर्डरचा प्रवास पाहा. नियमावलीत तो सरळ असतो: डॉक्टर लिहितात, फार्मसी औषध देते, सिस्टर ते रुग्णाला देऊन सही करतात. वॉर्डात मात्र राउंड चालू असताना डॉक्टर तोंडी सांगतात, सिस्टर खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घेतात आणि केसपेपरवर नोंद मागाहून होते. डोस जरा जास्त वाटला तर सिस्टर फोन करून विचारतात, ‘सर, नक्की एवढंच ना?’ ड्यूटी बदलताना दोघी सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून ‘ओव्हर’ देतात, आणि खाटेच्या पायथ्याला टांगलेला तक्ता येता-जाता सगळ्यांच्या नजरेला पडतो. या चिठ्ठीला, त्या फोनला, त्या तक्त्याला नियमावलीत जागा नसते. पण रुग्णाची सुरक्षितता बरीचशी त्यांच्यावर उभी असते.

संगणक या सगळ्याला स्पष्ट उत्तरं मागतो. पहाटे तीन वाजता डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेले असताना तोंडी सांगितलेली ऑर्डर सिस्टरना टाकता येईल का? बेशुद्ध, अनोळखी रुग्णाची नोंद कुठल्या नावाने करायची? अजून नाव न ठेवलेल्या जुळ्या बाळांना पडद्यावर वेगळं कसं ओळखायचं? एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच वॉर्डात आले तर? कागदावर ही उत्तरं माणसं त्या त्या वेळी शोधतात. प्रणालीत ती आधी ठरवून ठेवावी लागतात. ठरवली नाहीत, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने जे गृहीत धरलं असेल तेच उत्तर रुग्णालयाच्या माथी बसतं.

म्हणून तपासणाऱ्याने बैठकीच्या खोलीतून उठून वॉर्डात जायला हवं. एक ऑर्डर, एक रक्ताचा नमुना, एक डिस्चार्ज घ्यावा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या मागे फिरावं. दिवसपाळीत, रात्रपाळीत, आणि सुट्टीच्या दिवशीही. कोण कुणाला फोन करतं, कुठे वाट पाहावी लागते, कुठली गोष्ट दोनदा लिहिली जाते, हे टिपावं. या टिपणात जे सापडतं ते पुष्कळदा विभागप्रमुखांनाही नवं असतं.

हे का करायचं, याचा अलीकडचा पुरावा अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतला आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथे ऑक्टोबर २०२० मध्ये नवी प्रणाली सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेल्या ज्या ऑर्डरींचं ठिकाण प्रणालीला जुळवता आलं नाही, त्या एका वेगळ्या रांगेत जाऊन पडत होत्या, आणि ती रांग आहे हेच रुग्णालयातल्या लोकांना माहीत नव्हतं. ११,००० हून अधिक ऑर्डरी अशा अडकल्याचं सरकारी तपासणीत २०२२ मध्ये बाहेर आलं. त्यातून १४९ रुग्णांना इजा पोचल्याचं नोंदवलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये इतर केंद्रांवर ही प्रणाली नेण्याचं काम थांबवण्यात आलं. कागदाची चिठ्ठी पोचली नाही तर कुणीतरी ‘अहो, चिठ्ठी आली नाही’ म्हणून ओरडतं. संगणकात न पोचलेल्या निरोपाकडे कोण बघणार, हे नाव घेऊन ठरवावं लागतं. सज्जतेच्या तपासणीत मी हा प्रश्न पहिल्या पानावर ठेवेन.

तारा, वीज आणि नावं

तांत्रिक बाजू तुलनेने सोपी आहे, कारण ती मोजता येते. वॉर्डाच्या प्रत्येक कोपऱ्यात नेटवर्क पोचतं का, हे उपकरण हातात घेऊन फिरून बघावं. संगणकांची संख्या खाटांच्या हिशेबात मोजू नये. सकाळच्या राउंडला एकाच वेळी किती जणांना संगणक लागतो, यावरून ती ठरवावी. लॉगिनला किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून पाहावं. दिवसातून पन्नास वेळा लॉगिन करणाऱ्या सिस्टरसाठी प्रत्येक जादा सेकंद पन्नासने गुणला जातो, आणि मग सगळे जण एकाच्याच लॉगिनवर काम करू लागतात. तसं झालं की कुणी काय नोंदवलं, याचा माग पुसला जातो.

नावांचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. एकच तपासणी लॅबमध्ये एका नावाने, वॉर्डात दुसऱ्या आणि बिलात तिसऱ्या नावाने ओळखली जात असेल, तर संगणक तिला तीन वेगळ्या तपासण्या समजतो. यासाठी जगभर चालणाऱ्या संकेतयाद्या आहेत: तपासण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड, आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी, जिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. प्लग आणि सॉकेट एकाच मापाचे असावेत, तसंच हे. आपल्या याद्या या मापात बसवायचं काम कुणी हाती घेतलेलं नसेल, तर प्रणाली दुसऱ्या कुठल्या प्रणालीशी नीट बोलू शकणार नाही.

‘डॉक्टर आणि सिस्टरच विरोध करतात’

हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात २००३ च्या सुरुवातीला शेकडो डॉक्टरांच्या विरोधामुळे ऑर्डर देण्याची नवी प्रणाली काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली. डॉक्टर हट्टी होते असं म्हणून ही गोष्ट संपवता येईल. पण त्यांची तक्रार होती की एकेका ऑर्डरला लागणारा वेळ फार वाढला आणि सूचनांचे इशारे सतत मधे येत राहिले.

इशाऱ्यांचं गणित समजून घेण्यासारखं आहे. औषध लिहिताना धोका असेल तर प्रणाली पडद्यावर सावध करते. पण क्षुल्लक गोष्टींसाठीही तो इशारा येऊ लागला की माणूस न वाचताच तो बंद करतो. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा औषधांबाबतचे ४९ ते ९६ टक्के सुरक्षा-इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असं आढळलं. गजर सारखा वाजत राहिला की खरी आग लागल्यावरही कुणी उठत नाही. कुठले इशारे ठेवायचे आणि कुठले काढायचे, हे ठरवायला रुग्णालयाकडे माणसं आहेत का? हा सज्जतेचा प्रश्न आहे.

त्याच्या तळाशी आणखी एक प्रश्न असतो: श्रम कोणाचे आणि फायदा कोणाचा? नोंदी वॉर्डातली माणसं करतात. सुबक अहवाल वरच्या मजल्यावर दिसतात. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाह्यरुग्ण विभागातले डॉक्टर रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदींत आणि टेबलावरच्या कामात घालवतात, असं दिसलं. कर्मचाऱ्यांना ‘तुम्हाला संगणक आवडतो का?’ असं विचारून यातलं काहीच कळत नाही. विचारायचं ते हे: नवी प्रणाली आल्यावर तुमचं कुठलं जुनं काम बंद होणार आहे? प्रशिक्षणाला गेलात तर तुमची ड्यूटी कोण करणार? पहिल्या प्रश्नाला ‘कुठलंच नाही’ आणि दुसऱ्याला ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं, तर त्या विरोधाला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. त्या माणसांनी सज्जतेतली उणीव आपल्याला दाखवून दिलेली असते.

‘बंद पडलं तर?’

हा आक्षेप रास्तच आहे. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर थैमान घातलं. त्यात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या अंदाजे १९,००० भेटी आणि उपचार रद्द झाले. ज्या संगणकांत तो शिरला, त्यांतली सुरक्षा दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. १४ मे २०२१ ला आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर असाच हल्ला झाला. देशभरातल्या प्रणाली बंद कराव्या लागल्या, आणि त्या पूर्ववत व्हायला काही महिने लागले.

म्हणून तपासणीत एक प्रयोग असायलाच हवा: प्रणाली बंद आहे असं समजून वॉर्ड चार तास चालवून दाखवा. कोरे फॉर्म कुठे आहेत? कुठल्या रुग्णाला शेवटचं औषध कधी दिलं, याची छापील यादी कुठून मिळेल? लॅब रिपोर्ट कुणाच्या हातून येईल? आणि प्रणाली परत सुरू झाल्यावर या चार तासांच्या नोंदी आत कोण भरणार? कागदावर कधी कामच न केलेली तरुण पिढी वॉर्डात येते, तेव्हा या सरावाची गरज आणखी वाढते.

मग गुण देऊन मोकळं का होऊ नये?

रुग्णालयांच्या संगणकीकरणाला ० ते ७ अशा पायऱ्या देणारी एक जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे, तिचं नाव ईएमआरएएम. तिचा उपयोग आहे. पण काय बसवलं आणि किती वापरात आलं, याचं चित्र ती दाखवते. पुढचा बदल पेलायला माणसं तयार आहेत का, हे त्या एका आकड्यावरून समजत नाही.

प्रश्नावल्यांचाही असाच धोका आहे. समजा, व्यवस्थापनाने सज्जतेला पाचपैकी साडेचार गुण दिले आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी दीड. सरासरी तीन येते, आणि अहवालात ‘मध्यम सज्जता’ असं लिहिलं जातं. पण साडेचार आणि दीड यांतली दरी, हाच तर त्या तपासणीचा खरा निष्कर्ष होता! तो सरासरीत बुडाला. उत्तरं विभागवार, पदवार आणि पाळीवार वेगळी ठेवून वाचावीत, आणि ती देणाऱ्याचं नाव कुणाला कळू नये.

‘इतकं तपासत बसलो तर सुरुवात कधी करायची?’

कागदही निर्दोष नाही. न लागणारं अक्षर, हरवलेला केसपेपर, आतल्या पानावर राहून गेलेली अ‍ॅलर्जीची नोंद यांमुळेही माणसं दगावतात. त्यामुळे उशिरालाही किंमत आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण वेग आणि सज्जता वेगळ्या आहेत. अमेरिकेत २००८ साली दहापैकी एकापेक्षाही कमी रुग्णालयांकडे संगणकावरची प्राथमिक रुग्णनोंद होती. २००९ च्या कायद्याने मोठं आर्थिक प्रोत्साहन दिलं आणि २०१५ पर्यंत ९६ टक्के रुग्णालयांकडे प्रमाणित प्रणाली आली. वेग मिळाला. पण एका रुग्णालयाची प्रणाली दुसऱ्याशी नीट बोलत नाही आणि डॉक्टर नोंदींच्या ओझ्याने थकतात, या तक्रारी त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिल्या. इंग्लंडने २००२ मध्ये पूर्ण देशासाठी एकच मोठा कार्यक्रम आखला. तो मोडीत काढायचं २०११ मध्ये जाहीर झालं, तोवर अब्जावधी पौंड खर्च झाले होते. स्थानिक रुग्णालयांना आणि तिथल्या डॉक्टरांना निर्णयात पुरेसं न घेणं, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं.

मध्यम आकाराच्या रुग्णालयात नीट तपासणीला काही आठवडे लागतात. वर्षं लागत नाहीत. उत्तरही अख्ख्या रुग्णालयासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एकच यायची गरज नाही. लॅब तयार असेल, ओपीडी जवळजवळ तयार असेल आणि अतिदक्षता विभाग अजून तयार नसेल, तर क्रमही तसाच लावता येतो. एक अट मात्र सोडून चालत नाही: तपासणी खरेदीच्या करारावर सही होण्याआधी व्हावी. नंतर केलेल्या तपासणीला ‘अजून नाही’ असं म्हणायची मुभाच उरत नाही.

आणि सुरू करण्याआधीचे आकडे लिहून ठेवावेत. ऑर्डर दिल्यापासून औषध रुग्णापर्यंत पोचायला किती मिनिटं लागतात, रिपोर्ट यायला किती, डिस्चार्जला किती, चुका किती नोंदल्या जातात. हे हाताशी नसेल तर सहा महिन्यांनी प्रणालीने भलं केलं की नुकसान, यावर फक्त वाद होतो.

याच कागदावर आणखी एक ओळ असावी: सुरू झाल्यावर रुग्णांना धोका दिसला तर ‘थांबा, कागदावर परत जा’ असं सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे. तिथे समितीचं नाव नको, माणसाचं हवं. शेजारी त्या माणसाचा फोन नंबर हवा, आणि तो पहाटे तीन वाजता उचलला जातो का, हेही सुरू होण्याआधी एकदा लावून पाहायला हवं.